खोक्याची निगा

कॉम्प्युटर असेंबल्ड घ्यायचा की ब्रँडेड, यावर १९९५ ते २००५ या काळात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जेवढा खल झाला, तेवढा मुलीच्या स्थळावरही झाला नसेल. स्थळाची निदान चार ठिकाणी चौकशी करता येते. कॉम्प्युटरची चौकशी करायची ती ज्याच्या घरी तो आधीच आलाय त्याच्याकडे, आणि चाळीस-पन्नास हजार मोजून बसलेला माणूस आपण फसलो असं कधी तोंडाने म्हणत नाही. तो म्हणतो, "घ्या हो, बिनधास्त घ्या." आपल्या जोडीला आणखी कोणी तरी असलेलं बरं, एवढाच त्याचा हेतू.

निकाल बहुधा असेंबल्डच्या बाजूने लागे. माल तोच, मग नुसत्या नावाचे पैसे कशाला द्यायचे, हे तत्त्व पुण्यात तरी कोणाला पटवून द्यावं लागत नाही. मग एखाद्या शनिवारी सगळं कुटुंब पासोड्या विठोबापाशी रिक्षातून उतरून तपकीर गल्लीत शिरायचं. मुंबईचं कुटुंब असेल तर ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कैक वर्षं झाली, पण त्या नावाने पत्ता विचारला तर समोरचा म्हणणार, "तिकडे कशाला जाताय? लॅमिंग्टन रोडला जा, स्वस्त मिळेल."

सोबत 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' एक जण असायचाच. भाच्याचा मित्र, नाही तर ऑफिसातल्या साहेबांचा मुलगा. त्याची पात्रता एवढीच, की त्याने पूर्वी कोणाचा तरी कॉम्प्युटर उघडलेला असे. तो नंतर चालू झाला का, हे विचारायचं कोणाला सुचत नसे. दुकानदार कोटेशन लिहून द्यायचा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर. कळणारा गंभीरपणे मान हलवायचा. वडील सरळ तळाच्या आकड्याकडे बघायचे आणि त्यांना कळणाऱ्या एकुलत्या एका ओळीवर बोट ठेवायचे: "माउसचे पैसे वेगळे का?" शेवटी एक माउसपॅड फुकट पदरात पाडून घेतलं की खरेदी फत्ते झाली असं समजून मंडळी मिसळ खायला जात.

खरेदीचं अधिकृत कारण मुलांचा अभ्यास. घरात आलेल्या कॉम्प्युटरवर पहिला अभ्यास 'डेंजरस डेव्ह'चा व्हायचा, दुसरा 'रोड रॅश'चा. पण तो पुढचा भाग. आधी तयारी.

तयारी म्हणजे टेबल. कॉम्प्युटर येण्याआधी टेबल यायचं, सनमायका लावलेलं. त्याला कीबोर्डसाठी सरकता ट्रे असे. त्या ट्रेची उंची अशी खुबीने ठरवलेली, की कीबोर्डवर हात पोचले तर गुडघे आत जात नाहीत, आणि गुडघे आत गेले तर हात खांद्याच्या वर. खालच्या बाजूला सीपीयूसाठी कप्पा. (मराठीत सीपीयू म्हणजे तो अख्खा पत्र्याचा खोका. खरा सीपीयू आत पंख्याखाली दडलेला काडेपेटीएवढा चौकोन असतो, हे सांगायला जाणाऱ्याला त्या काळी शिष्ट समजत.) या कप्प्याला दार असे. दाराला कुलूप. मागच्या बाजूला प्लायवूड, वायरींपुरतं भोक. म्हणजे ज्या यंत्राला पुढून गार हवा आत ओढायची आणि मागून गरम हवा बाहेर टाकायची एवढी एकच मोकळीक हवी असते, त्याची पुढून-मागून नाकेबंदी करून मगच सुतार पैसे मागायचा.

त्यावर कव्हर. कॉम्प्युटरसोबत तीन तुकड्यांचा प्लॅस्टिकचा संच मिळे: मॉनिटरचा मोठा झगा, सीपीयूचा अंगरखा आणि कीबोर्डची पट्टी. घरातल्या स्त्रीवर्गाला ते फार उघडंवाघडं वाटे, म्हणून वरून क्रोशाचा रुमाल. त्यावर फुलदाणी. जुने मॉनिटर पाठीमागे चांगले हातभर फुगलेले असत, त्यामुळे फुलदाणीला जागा ऐसपैस. कॉम्प्युटर बंद केला, की तो गरम असतानाच ही सगळी वस्त्रं चढवायची. "गरम आहे, जरा थांबा," असं कोणी म्हणालंच, तर उत्तर ठरलेलं: "तोवर धूळ नाही का बसणार?"

धुळीची ही दहशत मुळात शाळा-कॉलेजांतून घरी आली. तिथल्या कॉम्प्युटर लॅबला पडदे असत, एसी असे, आणि दाराशी चपलांचा ढीग. देवळाखेरीज जिथे चपला काढाव्या लागतात अशी ही दुसरी जागा पाहून पालक भारावून जात. घरी आल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बंद, पाय धुतल्याशिवाय प्रवेश बंद, आणि पाहुण्यांच्या मुलांना तर खोलीच बंद.

चालू करायचा दिवस मुहूर्त बघून ठरे. नारळ फुटे. तो कुठे फोडायचा यावर चर्चा होऊन शेवटी बाथरूमबाहेर फुटे. सीपीयूवर कुंकवाचं स्वस्तिक उमटे. मग दर खंडेनवमीला शिवणयंत्र, स्कूटर आणि खोका यांची एकत्र पूजा. झेंडूच्या पाकळ्या पंख्याच्या जाळीपाशी, हळद कीबोर्डवर, अक्षता सर्वत्र. या अक्षतांतले काही दाणे सीडी ड्राइव्हच्या फटीतून आत जात आणि पुढे कधी तरी सीडी घातली की आतून कुळीथ भरडल्याचा आवाज येई. पूजा केली त्या दिवशी अवजार वापरायचं नाही, हा नियम मात्र मुलं कॉम्प्युटरपुरता मानत नसत.

विजेची व्यवस्था हे वडिलांचं खातं. टेस्टर घेऊन आधी अर्थिंग तपासायचं. मग स्टॅबिलायझर, मग स्पाइक गार्ड, मग यूपीएस. लोडशेडिंगच्या दिवसांत यूपीएसला मोठा मान. खरं तर घरगुती यूपीएसच्या पोटात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते आणि तिचं काम एवढंच: दिवे गेले की हातातलं काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं मिळवून देणं. आमच्या शेजारच्या काकांनी त्या दहा मिनिटांत टेबलफॅन, ट्यूबलाइट आणि देवघरातला दिवा बसवला होता. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे साठा किती आणि कालवे किती हे गणित त्यांना शिकवायची कोणाची टाप नव्हती. दिवे गेले की यूपीएस किंचाळायचा, पंखा दोन गिरक्या घ्यायचा, देवघरातला दिवा लागायचा आणि कॉम्प्युटर तेवढा बंद पडायचा. "बाकी सगळं चाललं ना?" काका विचारायचे.

आणि तरीही सगळ्या बंदोबस्तातून एक गोष्ट सुटायचीच. जुन्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला, पाठीमागे नखाएवढी लाल पट्टी असे. एका बाजूला ११५ लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला २३०. अमेरिकेतल्या विजेसाठी ११५, आपल्यासाठी २३०. स्टॅबिलायझरवर दोन हजार घातलेल्या घरात ही पट्टी मात्र पोरांच्या बोटाला येईल अशा उंचीवर उघडी. आमच्याच जिन्यातल्या एका चिरंजीवांनी मे महिन्याच्या सुट्टीत ती सरकवून पाहिली. फटाक्याचा आवाज, पांढरा धूर आणि जळक्या बेकेलाइटचा वास. चिरंजीवांची आई धावत आली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "कव्हर जळलं का रे?"

इथे या सगळ्या प्रकरणातलं मर्म आहे. आपण कॉम्प्युटर जिवापाड जपतो. पण जपतो तो खोका. मॉनिटरच्या कडेचं कंपनीचं पातळ प्लॅस्टिक वर्षानुवर्षं काढत नाही. त्याच्या खाली धूळ जाऊन कडा काळ्या पडतात, कोपरे वर उचलले जातात, ते आपण सेलोटेपने परत चिकटवतो. थर्मोकोलसकट मूळ खोके माळ्यावर ठेवतो, कारण "उद्या वॉरंटीत द्यायची वेळ आली तर?" वॉरंटी संपून मुलाची मुंज होते, खोके तिथेच. आतल्या माहितीचं काय, असं विचारलं तर मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. आत काय आहे? आत असेल की काही तरी.

आत काय आहे याचा खुलासा कॉम्प्युटरवाला आल्यावर व्हायचा. कॉम्प्युटरवाला हा बारा बलुतेदारांच्या यादीत उशिरा दाखल झालेला तेरावा. पाठीवर सॅक, हातात स्क्रू ड्रायव्हर, खिशात सीडींचं पाकीट. "दहा मिनिटांत येतो," हे त्याचं बोधवाक्य आणि "फॉरमॅट मारावा लागेल" हे निदान. मधल्या वेळात तो जे करायचा ते मात्र खरोखर बघण्यासारखं असे.

आधी तो बाजूचा पत्रा काढायचा. आत करड्या धुळीची लव साचलेली, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, पावसाळ्यानंतर एखादी वाळकी पाल. ऊब आणि किडे दोन्ही जिथे मिळतात तिथे पाल राहायला जाणारच. मग तो ब्लोअर लावायचा. तो लावायचा ते दिवाणखान्यात, त्यामुळे वर्षभर कव्हरं घालून कॉम्प्युटरमध्ये जपलेली धूळ एका मिनिटात सोफ्यावर. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. त्या पात्यांमध्ये धुळीची घट्ट गादी बसलेली असते. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर सगळं बंद करून टाकतो. लोक म्हणतात, "व्हायरस आलाय." आलेली असते फक्त धूळ, आणि तीही कव्हरच्या आतल्या बाजूने.

मग रॅम. कॉम्प्युटर चालू होत नाही, नुसताच बीप बीप करतो, अशी तक्रार असेल तर कॉम्प्युटरवाला रॅमची पट्टी काढायचा आणि घरातल्या मुलाला म्हणायचा, "खोडरबर आण रे." पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी टोकं असतात, त्यांच्यावर दमट हवेने पापुद्रा धरतो. तो खोडरबरने हलक्या हाताने पुसायचा, पट्टी परत खटकन बसवायची, बटण दाबायचं, आणि कॉम्प्युटर चालू. पन्नास हजारांचं यंत्र दोन रुपयांच्या खोडरबरने बरं झालेलं पाहून वडिलांचा चेहरा पडायचा. व्हिजिटचे तीनशे कसले, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर असायचा. पण मुलाची आई तेवढ्यात चहा घेऊन यायची.

मदरबोर्डवर ओळीने उभी असलेली ती छोटी नळकांडी, त्यांना कागदोपत्री काहीही म्हणोत, कॉम्प्युटरवाला कंडेन्सरच म्हणतो. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांवर हे कंडेन्सर मुदतीआधी फुगायचे. आतलं रसायन सदोष होतं. वरची सपाट टोपी पुरीसारखी टम्म फुगलेली दिसली की कॉम्प्युटरवाला बोटाने दाखवायचा: "हे बघा, काका." काका चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "पावसाळी हवा आहे, ओसरेल."

घड्याळाची गोष्ट तर आणखी मजेची. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून २०३२. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ लक्षात ठेवणं हे तिचं काम. ती संपली की कॉम्प्युटर प्रत्येक सकाळी कुठल्या तरी जुन्या सालच्या १ जानेवारीला जागा होतो. मग बँकेची साइट उघडत नाही, कारण तिच्या प्रमाणपत्राची तारीख आणि तुमचं घड्याळ जुळत नाही. काका महिनाभर रोज सकाळी घड्याळ हाताने पुढे करून मगच पेन्शन जमा झाली का ते बघत. तीस-चाळीस रुपयांची बॅटरी का घेत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतच होतो की रोज."

ज्यांनी टीव्ही पाहिला त्यांना कॉम्प्युटर बिघडल्यावर पहिली आठवण येते ती थापेची. जुन्या टीव्हीत एखादा सैल झालेला सांधा थापेने पुन्हा चिकटायचा आणि चित्र यायचं, त्यामुळे उजवा हात अनुभवी झालेला. फिरत्या हार्ड डिस्कला ही विद्या लागू नाही. आत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावरून, स्पर्श न करता, सिगारेटच्या धुराच्या कणाहूनही कमी अंतरावरून तरंगत असतं. तिथे एक थाप म्हणजे त्या टोकाने चकतीवर ओढलेला ओरखडा, आणि त्या ओरखड्याखाली कोणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो. पण तोंडाने कितीही सांगा, स्क्रीन गोठला की हात आपोआप उठतोच.

कीबोर्डची निगा हा स्वतंत्र विषय. कॉम्प्युटरच्या खोलीत खाऊ न्यायचा नाही हा नियम घरोघरी असतो आणि तो पाळला जातो का, हे कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर आपटला की कळतं. पहिल्या आपटीला वरचा थर पडतो: बिस्किटाचा भुगा आणि नखं. दुसऱ्या आपटीला शेव. तिसऱ्या आपटीला चिवड्यातला कढीपत्ता, शेंगदाण्याचं साल, एक डाळं आणि कानाच्या कापसाचा बोळा. त्या खाली तीळ म्हणजे संक्रांत, खसखस म्हणजे अनारसे म्हणजे दिवाळी. कालक्रम स्पष्ट. एन्टरचं बटण रुतलेलं असेल तर आत हमखास साखरेचा पाक. सगळ्यात खालच्या थरात मात्र मसाल्याचा किंवा तेलाचा पत्ता नाही. कॉम्प्युटर नवा होता ते दिवस.

व्हायरसच्या बाबतीत आमच्या लोकांची समजूत मोठी सात्त्विक. तो बाहेरून येतो, परक्या माणसाकडून येतो आणि उपास मोडल्यावर येतो. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. 'ब्रेन' त्याचं नाव. आपल्या सॉफ्टवेअरची चोरी करणाऱ्यांवर जरब बसावी म्हणून केला, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. अशी सभ्यता पुढच्या व्हायरसवाल्यांनी दाखवली नाही. त्यावरचं एक घरगुती औषध मात्र पुण्यात तयार झालं. साताऱ्याकडचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आले, धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस लिहिला आणि 'क्विक हील' घराघरांत गेलं. कॉम्प्युटरला औषध मिळालं, कॉम्प्युटरवाल्याला वर्षासन मिळालं.

औषध असलं तरी पथ्य कोण पाळणार? कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात गावातला प्रत्येक पेनड्राइव्ह एकाच कॉम्प्युटरला लागतो. भाडेकरार, बायोडेटा, लग्नपत्रिकेचं प्रूफ, दहावीचा प्रोजेक्ट. तिथून घरी आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फाइली गायब आणि त्यांच्या जागी सगळे शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की घरच्या कॉम्प्युटरलाही तीच बाधा. पाय धुऊन आत या म्हणणारे लोक पेनड्राइव्ह मात्र थेट आत घेतात.

आता फॉरमॅट. इथे खोका आणि आतलं यांचा खरा मुकाबला होतो. एके काळी विंडोज ९५ फ्लॉपीवरून टाकायची तर १३ फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत, आणि बाराव्या फ्लॉपीला 'वाचता येत नाही' म्हणून निरोप आला की सगळं पहिल्यापासून. पुढे सीडी आली, पेनड्राइव्ह आला, काम अर्ध्या तासाचं झालं. प्रश्न मात्र तोच राहिला. कॉम्प्युटरवाला विचारतो, "सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का?"

घरातले सगळे छातीठोकपणे सांगतात, "छे, सीमध्ये आम्ही काहीच ठेवत नाही. सगळं डेस्कटॉपवर आहे."

आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये. समोर दिसतं ते टेबलावर ठेवल्यासारखं वाटतं, आणि टेबल कोण पुसून टाकणार? पण कॉम्प्युटरवाला बिचारा शब्दाचा पक्का. पंचवीस मिनिटांनी नवी कोरी विंडोज येते, निळ्या आकाशाखाली हिरवी टेकडी. (विंडोज एक्सपीची ती टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातली, चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली काढलेला फोटो. काका आजही ती भोरच्या पुढची आहे असं सांगतात आणि एसटी कुठे थांबते तेही सांगतात.) टेकडीवर एकही आयकॉन नाही. सोसायटीचे हिशेब नाहीत, मुलाचा प्रोजेक्ट नाही, सुनेने टाइप केलेली पाककृती नाही. थोडा वेळ रडारड होते. मग घरातलं कोणी तरी मोठं माणूस म्हणतं, "जाऊ दे, मशीन कसं हलकं वाटतंय!"

ज्या फाइली वाचत, त्यांचंही नशीब ठीकच. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा पाऊस. युनिकोड आल्यावर तो त्रास गेला. पण आमच्या सोसायटीचं २००३चं इतिवृत्त अजून कोणाला वाचता आलेलं नाही. त्या सभेत कोणत्या पार्किंगचं काय ठरलं हेही म्हणून कोणाला सिद्ध करता येत नाही, आणि सोसायटीत शांतता आहे.

पासवर्ड हे निगेतलं शेवटचं कलम. तो कोणाला सांगू नये, कुठे लिहू नये, अंदाज करता येऊ नये, असे नियम. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केलं तेव्हा त्यांच्या मनात तिथी-वार-सणच असणार. आमच्याकडे त्याच्या चौकोनांत दूध किती आलं ते असतं, गॅस कधी लावला ते असतं, आणि संकष्टीच्या खाली ईमेलचा पासवर्ड असतो. चोराला मराठी पंचांग येत नाही, या एका गृहीतकावर ही सगळी सुरक्षा उभी. फक्त १ जानेवारीला नवं कालनिर्णय लागतं आणि जुनं रद्दीत जातं. म्हणून आमच्या भागातले लोक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात 'पासवर्ड विसरलात का?' या बटणावर जास्त दिसतात.

एवढ्या निगराणीत वाढलेल्या काकांच्या कॉम्प्युटरवर परवा गदा आली. विंडोज १०चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय असलेला बोर्ड लागतो आणि काकांच्या बोर्डावर ती नाही. कॉम्प्युटरवाल्याने हे समजावून सांगितलं, तेव्हा काकांनी आधी सीपीयूवरून हात फिरवला.

"ओरखडा तरी आहे का एक?" ते म्हणाले. "बघ, कडेचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही."

"काका, बाहेरून नवाच आहे हो. पण आता याला सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. बँकेचं काम यावर नका करू."

"पंधरा वर्षं चालला आणि आता बँकेला चालत नाही?"

"नवा घ्या. जुना मी घेऊन जातो. फोटोबिटो असतील ते आधी काढून देतो. कुठे ठेवलेत?"

काकांनी छताकडे पाहिलं. कॉम्प्युटरवाल्याने डिस्क तपासली. ती आतून कटकट करायला लागली होती, अर्धे फोल्डर उघडत नव्हते. नातवाचं बारसं त्या अर्ध्यात होतं.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "काय शोधताय? फोटो का? थांब."

त्यांनी गोदरेजच्या कपाटातून स्टीलची एक डबी काढली. डबीत हळकुंड, चांदीचं नाणं आणि कापसात गुंडाळलेला पेनड्राइव्ह.

"हा एक. दुसरी ती मोठी चपटी डिस्क असते ना, ती बँकेच्या लॉकरमध्ये आहे, पाटल्यांबरोबर. आणि एक पेनड्राइव्ह सांगलीला ताईकडे असतो. दर दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर नवा पाठवते, ती भाऊबीजेला जुना परत पाठवते."

कॉम्प्युटरवाला खुर्चीतून उठलाच. "काकू, तीन प्रती, दोन प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक तरी घराबाहेर! मोठमोठ्या कंपन्यांत शिकवतात हे. आणि पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर आतलं पुसट होऊ शकतं, तुम्ही तर दर वर्षी बदलताय. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? यांच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स चार ठिकाणी असतात. कपाटात, फायलीत, पिशवीत आणि ताईकडे. कागदाची एवढी काळजी, तर नातवाचे फोटो एकाच खोक्यात ठेवायचे होय? तो खोका यांचा आहे. आतलं मी बघते."

काकांनी पेनड्राइव्ह हातात घेतला, खालून-वरून न्याहाळला, अंगठ्याने त्यावरची हळद पुसली.

"एवढे दिवस उघडाच ठेवलास? कव्हर मिळतं याला."